सूड देवाच्या हाती कसा सोपवावा: अन्याय सोसलेल्या ख्रिस्ती माणसासाठी मार्गदर्शन

ज्यांच्यावर खरोखर अन्याय झाला आहे, तो कोणी केला हे ज्यांना ठाऊक आहे आणि तो माणूस ज्यांना बाजारात, एसटी स्टँडवर किंवा चर्चच्या दारात वरचेवर भेटतो, अशा ख्रिस्ती बंधुभगिनींसाठी हे मार्गदर्शन आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत आपला समाज लहान आहे. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलच्या आधाराने वाढलेली घरे, सांगली, सातारा आणि वाई येथील जुनी मिशन घराणी आणि आजूबाजूच्या खेड्यांतील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्यांच्या सोयरिकीने एकमेकांत गुंतलेली आहेत. त्यामुळे ज्याने बांध कोरला तोच रविवारी पुढच्या बाकावर बसलेला असतो, आणि ज्याने उसने घेतलेले पैसे बुडवले त्याच्याच मुलीच्या लग्नाची पत्रिका आपल्या दारी येते. अशा ठिकाणी राग मनात ठेवून दूर निघून जाण्याची सोय नसते. म्हणूनच सूड देवावर सोपवणे म्हणजे रोजच्या व्यवहारात नेमके काय करायचे, हे नीट समजून घेणे गरजेचे आहे.

आज्ञा संपूर्ण वाचावी

रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायातील १९वे वचन आपल्यातील बहुतेकांना पाठ असते: ‘सूड घेणे माझ्याकडे आहे, मी फेड करीन, असे प्रभू म्हणतो.’ हे शब्द पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या ३२व्या अध्यायातून घेतले आहेत. मात्र त्यांच्या आधी तो देवाच्या क्रोधाला वाट देण्यास सांगतो, आणि नेमका हाच भाग उपदेशांत पुष्कळदा सुटून जातो. क्रोध करण्यासारखे काही घडलेच नाही, असे पौल म्हणत नाही. क्रोधाला जागा आहे, परंतु ती देवाची जागा आहे आणि तिथून आपण बाजूला सरायचे आहे, असे त्याचे म्हणणे आहे. ज्याला अन्याय अन्याय वाटतच नाही, त्याच्यापाशी देवावर सोपवण्यासारखे काही नसते. म्हणून ‘जाऊ द्या, एवढे काय झाले’ असा सल्ला देणाऱ्याने पौलाचे वचन पुढे करू नये.

ही शिकवण केवळ नव्या कराराची आहे, असेही समजू नये. ‘आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ ही आज्ञा लेवीय १९:१८ मध्ये ज्या वचनात आली आहे, त्याची सुरुवातच सूड घेऊ नकोस आणि मनात दावा धरू नकोस अशी आहे. उत्पत्तीच्या ४थ्या अध्यायात लामेख आपल्या बायकांसमोर सत्त्याहत्तर पट सुडाची बढाई मारतो, आणि मत्तयाच्या १८व्या अध्यायात किती वेळा क्षमा करावी असे पेत्राने विचारल्यावर येशू साताच्या सत्तर वेळा असे उत्तर देतो. ‘डोळ्याबद्दल डोळा’ हा नियमदेखील सूड पेटवण्यासाठी दिलेला नसून, एका डोळ्याच्या बदल्यात अख्खे घर जाळले जाऊ नये म्हणून घातलेली मर्यादा होती. येशू आपल्या शिष्यांना त्या मर्यादेच्याही पुढे नेतो.

काय घडले ते कागदावर लिहावे

पहिले काम प्रार्थनेचे नाही, लिहिण्याचे आहे. एका कागदावर काय घडले, केव्हा घडले, आपले काय गेले, आपण स्वतः काय पाहिले आणि आपला नुसता संशय काय आहे, हे वेगवेगळे लिहून काढावे. हे काम एकट्याने करावे आणि तो कागद कोणाला दाखवू नये.

आपल्या भागातील नेहमीचे उदाहरण घ्या. तोडणीला आलेला ऊस रात्री पेटतो. ज्याच्याशी बांधावरून वाद आहे त्याचे नाव सकाळपर्यंत सगळ्या गावाच्या तोंडी असते. परंतु वीजवाहिनीच्या तारा सैल पडून वाऱ्यात एकमेकींना घासतात आणि ठिणगी पडून फड पेटतो, असेही दर हंगामात घडते. तुम्ही त्या माणसाला फडात पाहिले का? तुमच्या घरातील कोणी पाहिले का? की तो आदल्या दिवशी चावडीजवळ काहीतरी बोलला होता, एवढाच आधार आहे? कागदावर ‘पाहिले’ या बाजूला काहीच नसेल, तर तुमच्यापाशी आज राग आहे, आरोप नाही. पंचनामा करून घ्यावा आणि ऊस लवकर गाळपाला जाईल हे पाहावे, कारण जळालेला ऊस पडून राहिला की वजनही घटते आणि उताराही घटतो. दोषी कोण, हा प्रश्न मात्र तूर्त उघडाच ठेवावा. देव अंतःकरणे पारखणारा आहे, असे आपण म्हणतो. त्याच्याकडे प्रकरण नेताना निदान आपल्याला खरे किती माहीत आहे, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

अन्याय निर्विवाद असेल, तर तोही सौम्य न करता लिहावा. ‘गैरसमज झाला’ असे न लिहिता, ‘त्याने माझ्या वडिलांचा अंगठा खोट्या कागदावर घेतला’ असे लिहावे.

देवापुढे तक्रार कशी मांडावी

पुष्कळ विश्वासणाऱ्यांना वाटते की देवापुढे रागाने बोलणे पाप आहे, आणि म्हणून ते गोड शब्दांत प्रार्थना करून उठतात आणि स्वयंपाकघरात आल्यावर खरे ते बोलतात. स्तोत्रकर्त्यांनी असे केले नाही. ९४वे स्तोत्र सूड घेणाऱ्या देवाला हाक मारूनच सुरू होते. १०९व्या स्तोत्रातील विनंत्या आज उपासनेत मोठ्याने वाचायलाही आपण कचरतो. प्रकटीकरणाच्या ६व्या अध्यायात वेदीखालील हुतात्मे ‘कोठवर?’ असे देवाला विचारतात आणि त्याबद्दल त्यांना कोणी दटावत नाही. त्यांना पांढरे झगे मिळतात आणि थोडा वेळ थांबण्यास सांगितले जाते. ही स्तोत्रे शास्त्रात आहेत याचा अर्थ असा की अतिशय काळ्या रागालाही जाण्यासाठी एक ठिकाण आहे, आणि ते ठिकाण शत्रूचे दार नाही.

म्हणून खोलीचे दार लावून घ्यावे किंवा रानात एकटे असताना बोलावे. मोठ्याने बोलावे, कारण मनातल्या मनात म्हटलेली तक्रार थोड्याच वेळात बेत होऊन बसते. त्या माणसाचे नाव घ्यावे, कागदावरचे वाचावे आणि त्याचे काय व्हावे असे वाटते, तेही लपवू नये. त्यानंतर दुसरा भाग सुरू होतो. यासाठी १ शमुवेल २४ मधील दाविदाचा नमुना मला सर्वांत उपयोगी वाटतो. एन-गेदीच्या गुहेत, त्याच्या जिवावर उठलेला राजा शौल त्याच्या हाती सापडला होता आणि सोबतचे लोक ‘हाच तो दिवस’ म्हणून त्याला भरीस घालत होते. बाहेर आल्यावर दावीद शौलाला एका श्वासात दोन गोष्टी सांगतो: परमेश्वर तुझा-माझा न्याय करो आणि माझा सूड घेवो, पण माझा हात तुझ्यावर पडणार नाही. पहिला भाग सोडला तर ते खोटे औदार्य ठरते. दुसरा भाग सोडला तर ती धमकी ठरते.

आपली प्रार्थना या दोन वाक्यांवर संपावी. ती साधारण अशी असू शकते: ‘प्रभू, अमक्याने माझे हे हे नुकसान केले. ते तू पाहिलेस. याचा न्याय मी तुझ्याकडे देतो. आजपासून मी त्याच्या पिकाला, जनावराला, पोटाला किंवा नावाला हात लावणार नाही.’ शेवटच्या वाक्यात आपल्या मनात नेमका जो बेत होता तोच बोलून दाखवावा. बेत मोटर विहिरीत सोडण्याचा असेल तर मोटरचे नाव घ्यावे, सोयरीक मोडण्याचा असेल तर सोयरिकीचे.

येथे एक सावधगिरी हवी. ‘देव बघून घेईल’ हे वाक्य आपल्याकडे बहुधा दात आवळून म्हटले जाते, आणि ‘माझा तळतळाट लागेल’ हे तर समोरच्याच्या तोंडावर बोलले जाते. देवाचे नाव घेतले म्हणून हे सोपवणे होत नाही. त्यात देवाला आपल्या हुकमाचा गडी केलेले असते. सोपवण्यात निकाल काय लागावा आणि केव्हा लागावा, हेही हातातून सोडावे लागते.

सूड कोठे कोठे लपून राहतो

कुऱ्हाड न उचललेला माणूस स्वतःला सहज क्षमाशील समजतो. गुहेत दाविदाने शौलाच्या झग्याचा फक्त काठ कापला होता, तरी त्याचे मन त्याला खाऊ लागले. आपले काठ कापण्याचे प्रकार पुष्कळ आहेत. मुलीच्या स्थळाची चौकशी करणारा फोन येतो आणि आपण म्हणतो, ‘घर चांगले आहे, पण… तुम्हीच काय ते बघा.’ त्या ‘पण’ नंतरच्या शांततेने एक लग्न मोडते. मोबाइलच्या स्टेटसला नाव न घेता असे वचन ठेवले जाते की वाचणाऱ्या प्रत्येकाला कळावे ते कोणासाठी आहे. प्रार्थनासभेत ‘मंडळीतील लबाडी करणाऱ्यांसाठी’ प्रार्थना मागितली जाते आणि सगळ्यांच्या नजरा एकाच बाकाकडे वळतात. त्याच्या वाढीव बांधकामाबद्दल निनावी अर्ज जातो. सोसायटीच्या निवडणुकीत त्याला पाडण्यासाठी, ज्याची लायकी नाही हे आपल्याला ठाऊक आहे, अशा माणसाला मत दिले जाते.

यांतील शेवटचे तर कोणाला कळणारही नाही. तरीही महिन्यातून एकदा, शक्यतो प्रभुभोजनाच्या आधी, आपल्या हातून असा कोणता काठ कापला गेला आहे हे स्वतःला विचारावे आणि जे भरून काढता येण्यासारखे आहे ते भरून काढावे. स्थळाच्या बाबतीत चुकीचे बोलला असाल तर परत फोन लावून खरे सांगावे. हे अवघड आहे. हीच खरी कसोटीची जागा आहे, असे माझे मत आहे, कारण मोठ्या सुडापासून पोलिसांची भीतीही आपल्याला अडवते. लहान सुडापासून अडवणारे देवाच्या भयाशिवाय दुसरे काही नसते.

कायद्याकडे जावे की नाही

जावे. सूड देवावर सोडणे म्हणजे हक्क सोडणे, असा समज करून घेऊन आपल्याकडे विधवांनी जमिनी गमावल्या आहेत आणि स्त्रियांनी मार खाल्ला आहे. रोमकरांस पत्रातील अध्यायांच्या विभागणीकडे लक्ष न देता १२:१९ वरून सरळ १३:४ पर्यंत वाचत जावे. वाईट करणाऱ्यावर क्रोध दाखवण्यासाठी अधिकारी हा देवाचा सेवक आहे, असे तिथे पौल लिहितो. देवाच्या क्रोधाला द्यायच्या वाटांपैकी एक वाट न्यायालयातून जाते. खुद्द पौलाला फिलिप्पैत चौकशीवाचून फटके मारून तुरुंगात टाकले, तेव्हा दुसऱ्या दिवशी गुपचूप निघून जाण्यास त्याने नकार दिला आणि अधिकाऱ्यांना स्वतः येऊन बाहेर न्यायला लावले. पुढे सुभेदार फेस्तापुढे त्याने कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली.

मार्ग कोणते, हे थोडक्यात सांगतो. वादी-प्रतिवादी दोघेही मंडळीतील असतील तर आधी मत्तय १८:१५ प्रमाणे एकट्याने जाऊन बोलावे, मग एक-दोघांना सोबत न्यावे, मग मंडळीच्या वडीलजनांपुढे विषय ठेवावा. विश्वासणाऱ्यांनी एकमेकांवर फिर्यादी करत सुटण्याबद्दल पौलाने १ करिंथ ६ मध्ये कडक शब्द वापरले आहेत. गावपातळीवर तंटामुक्त समितीचा उपयोग होतो. ही मोहीम राज्यात १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झाली, तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील आपल्याच तासगाव तालुक्यातील अंजनीचे होते. बांधाचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. शेताचा चालू रस्ता किंवा पाण्याची वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे जाता येते, मात्र अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत. ‘देवावर सोडले आहे’ म्हणत ही मुदत घालवू नये. शेताला वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो.

मारहाण किंवा लैंगिक अत्याचार असेल तर आधी त्या घरातून सुरक्षित ठिकाणी जावे. पोलिसांसाठी ११२, स्त्रियांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही ती न कळवणे हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे, आणि यातून पाळक किंवा वडीलजन सुटत नाहीत. अशा प्रसंगी ‘क्षमा कर, बोभाटा नको’ असे सांगणारा माणूस देवाच्या क्रोधाची वाट अडवत असतो. हे मी अगदी स्पष्टपणे लिहितो, कारण या वचनाचा असा गैरवापर आपल्यात झालेला आहे.

मग न्याय मागणे आणि सूड घेणे यांतला फरक कसा ओळखावा? फिर्यादीचा मसुदा समोर घेऊन बसावे. आपल्याकडे फिर्याद लिहिताना मारणाऱ्या एकाबरोबर त्याचा भाऊ, भावजय आणि अंथरुणाला खिळलेली आई, अशी घरादाराची नावे घालण्याची रीत पडली आहे, आणि तसा सल्ला देणारे कचेरीच्या बाहेर पुष्कळ भेटतात. जे तिथे नव्हते त्यांची नावे काढून टाकावीत. काठी होती तर कुऱ्हाड लिहू नये. मोजणीत आपल्याकडेच दोन गुंठे जास्त निघाले तर ते सोडण्याची तयारी आहे का, हे मोजणीच्या आधी स्वतःला विचारावे. तहसीलदारांनी वाट मोकळी करून दिली की आपले काम संपेल, की त्याला आणखी चार खेटे घालायला लावल्याशिवाय समाधान होणार नाही? ज्याला थांबण्याची जागा माहीत आहे, त्याने निर्धास्तपणे कायद्याकडे जावे.

पेटलेल्या रात्री काय करावे

वरची सगळी कामे शांत डोक्याने करायची आहेत, पण सूड बहुधा एकाच रात्रीत घडतो. वाळवा तालुक्यातील एखाद्या गावातील प्रसंग डोळ्यांसमोर आणा. कारखान्याची तोडणीची चिठ्ठी आली आहे, टोळी फडात उतरली आहे, आणि ट्रॅक्टर-ट्रॉली निघायच्या वेळी दिसते की चुलतभावाने वाटेत आडवा चर खणून ठेवला आहे. तोडलेला ऊस उन्हात पडून आहे. मुकादम कटकट करतो आहे. संध्याकाळी धाकटा भाऊ अंगणात येऊन म्हणतो, ‘दादा, तुम्ही फक्त घरात बसा. सकाळपर्यंत त्याच्या ठिबकच्या नळ्या शिल्लक ठेवत नाही.’ थोरला काहीच बोलत नाही, आणि त्याचे ते न बोलणे हाच होकार असतो, हे घरातील सगळ्यांना कळते. तेव्हा थोरल्याची बायको चहाचे कप खाली ठेवते आणि म्हणते, ‘भाऊजी, बसा आधी. अहो, तुम्ही पाळकसाहेबांना फोन लावा. ते येईपर्यंत कोणी उंबरा ओलांडायचा नाही.’

१ शमुवेल २५ मध्ये नाबालाची पत्नी अबीगईल हिने हेच केले. नाबालाने अपमान केला म्हणून दावीद ४०० माणसे घेऊन निघाला होता. गुहेत शौलाला सोडणारा हाच दावीद, पण एका उर्मट धनगरमालकाच्या शब्दांनी त्याचा तोल गेला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अबीगईल २०० भाकरी, द्राक्षारसाचे २ बुधले, रांधलेली ५ मेंढरे, हुरडा, मनुका आणि अंजिराच्या ढेपा गाढवांवर लादून वाटेत आडवी आली आणि तिने त्याला सांगितले की आपल्या हाताने सूड घेतल्याचे शल्य पुढे राजा झाल्यावर मनाला लागू नये. दाविदाने तिचे ऐकले आणि तिला धन्यवाद दिले.

आपली अबीगईल कोण, हे भांडण नसताना ठरवून ठेवावे. ती व्यक्ती आपल्याला घाबरणारी नसावी, आपल्या बाजूने पेटणारी तर नसावीच. पत्नी असेल, आई असेल, मोठी बहीण असेल, मंडळीतील एखादे वडीलधारे असतील. त्यांना आधीच सांगून ठेवावे की मी अशा अवस्थेत दिसलो तर मला बाहेर पडू देऊ नका. त्या रात्री घरात दारू असू नये, चार टाळकी जमवू नयेत आणि कोणताही निर्णय उजाडण्याआधी घेऊ नये. ‘सूर्य तुमच्या रागावर मावळू नये’ या वचनाचा अर्थ अंधार पडण्याआधी हिशेब चुकता करावा असा नाही. निजण्याआधी राग देवापुढे नेऊन ठेवावा, असा आहे.

शत्रू भुकेला असेल तेव्हा

पौल हात आवरण्यावर थांबत नाही. नीतिसूत्रे २५ मधील वचन घेऊन तो शत्रूला अन्नपाणी देण्यास सांगतो. त्यातील मस्तकावरच्या निखाऱ्यांच्या राशीचा अर्थ पुष्कळांनी पश्चात्तापाची आग असा केला आहे, काहींनी न्यायाची. आपल्यासाठी पुढचे वचन पुरेसे स्पष्ट आहे: ‘बऱ्याने वाइटाला जिंक.’ निर्गम २३ मध्ये तर वैऱ्याचे गाढव ओझ्याखाली बसलेले दिसले तर सोडून जाऊ नये, त्याला उठवायला हात लावावा, असे सांगितले आहे. वैर मिटल्यावर मदत करा, असे तिथे म्हटलेले नाही. गाढव आज बसले आहे, म्हणून आज हात लावायचा.

मदत लहान असावी, खरोखर गरजेची असावी आणि तिचा गवगवा नसावा. मे महिन्यात त्याची मोटर जळाली आणि द्राक्षबाग वाळू लागली तर आपल्या पाळीतून दोन तास पाणी द्यावे. त्याचा बाप मिरजेच्या दवाखान्यात असेल आणि रक्त हवे असेल तर जावे. देताना जुना विषय काढू नये, कोणाला सांगू नये आणि त्याच्या वागण्यात बदल होईल अशी आशाही बांधू नये. मात्र चांगुलपणा करणे आणि विश्वास टाकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आलेक्सांद्र तांबटाने आपले पुष्कळ वाईट केले, प्रभू त्याच्या कर्मांप्रमाणे त्याची फेड करील, असे पौल २ तीमथ्य ४ मध्ये लिहितो, आणि लगेच तीमथ्याला बजावतो की तूही त्याच्यापासून जपून राहा. पाणी द्यावे, कोऱ्या कागदावर सही पुन्हा देऊ नये.

देव त्याला क्षमा करील, हेही मान्य करावे लागते

सगळ्यांत कठीण भाग हा आहे आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. वकीलपत्र दिल्यावर अशील मध्येच उठून स्वतः युक्तिवाद करू लागत नाही, तसे न्याय देवाकडे दिल्यावर निकाल सुचवण्याचा हक्क आपल्याकडे उरत नाही. तो निकाल शिक्षेचा असेल, दयेचाही असेल. निनवे शहरावर देवाने दया केली म्हणून योना संदेष्टा मरण मागण्याइतका रागावला. १ पेत्र २:२३ सांगते की येशूने निंदा सोसताना उलट निंदा केली नाही, तर यथार्थ न्याय करणाऱ्याकडे स्वतःला सोपवले. आणि त्याच वधस्तंभावरून तो मारेकऱ्यांसाठी क्षमा मागत होता.

प्रेषितांची कृत्ये ७ पाहा. स्तेफनाला दगडमार होत असताना साक्षीदारांनी आपली वस्त्रे शौल नावाच्या तरुणाच्या पायांजवळ ठेवली होती. हे पाप त्यांच्याकडे मोजू नकोस, असे म्हणून स्तेफनाने प्राण सोडला. यरुशलेममधील ज्या घरांतून नंतर याच शौलाने माणसे ओढून तुरुंगात नेली, त्या घरांनी त्याच्याबद्दल देवाकडे काय मागितले असेल? देवाने त्याची फेड केली ती दमिष्काच्या वाटेवर त्याला विश्वासात आणून, आणि पुढे रोमकरांना ‘सूड उगवू नका’ असे लिहिले ते याच माणसाने, म्हणजे पौलाने. आपण ज्याच्याविरुद्ध रडतो आहोत त्याचे देव काय करणार आहे, हे आपल्याला दिसत नाही. म्हणून प्रार्थनेत महिन्याभराने, वर्षाने, जेव्हा तोंडातून निघेल तेव्हा, एक वाक्य वाढवावे: ‘तुला त्याच्यावर दया करायची असेल तर मी आड येणार नाही.’ हे वाक्य जबरदस्तीने म्हणू नये आणि दुसऱ्याकडून म्हणवून तर मुळीच घेऊ नये.

राग परत आला तर

तो परत येईल. रस्त्यात तो दिसला, सातबाऱ्यावर नाव वाचले की येईल. याचा अर्थ सोपवणे खोटे होते असा नाही. त्याच वेळी, चालता चालता, पुन्हा तीच दोन वाक्ये म्हणावीत आणि जे काम हातात आहे ते पुढे चालू ठेवावे. झालेली हकिगत प्रत्येक नव्या माणसाला सांगण्याची सवय मात्र मोडावी, कारण प्रत्येक वेळी ती थोडी वाढते. नाबालाचा शेवट सुमारे १० दिवसांत झाला, शौलाच्या बाबतीत दाविदाला वर्षानुवर्षे रानोमाळ फिरावे लागले, आणि तांबटाचे पुढे काय झाले हे शास्त्रात कोठेही नाही. तेव्हा मुदत घालून वाट पाहू नये.

त्याच्यावर संकट आले तर त्यात आपला निकाल वाचू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा ज्यांनी लुबाडले त्यांची घरे बुडाली आणि ज्यांना लुबाडले त्यांचीही बुडाली. शिलोहातील बुरूज पडून १८ माणसे मेली, ती इतरांपेक्षा अधिक अपराधी होती असे समजू नका, असे येशूने लूक १३ मध्ये सांगितले आहे. वैरी पडला असता आनंद करू नकोस, असे नीतिसूत्रे २४:१७ म्हणते. अशा वेळी मंडळीतून भाकरी आणि कपडे जातील त्यांत त्याचेही घर धरावे, आणि ते पोहोचवायला शक्य असेल तर दुसऱ्याला पाठवावे, म्हणजे त्याला आपल्यापुढे हात पसरावा लागणार नाही.

तो मेला तर मातीला जावे. त्याच्या मुलांशी नव्याने बोलणे सुरू करावे. वाद कोर्टात चालू असेल तर तो त्याच्या वारसांबरोबर नियमाने चालेल. त्या वादाची कागदपत्रे आपल्या मुलांना क्रमाने लावून द्यावीत आणि सुरुवातीला स्वतःसाठी लिहिलेला तो पहिला कागद मात्र त्या फाइलमध्ये ठेवू नये.